लग्नावाचून संसार : हॉलंडचा कायदा काय म्हणतो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुने सभासद आले. लेथवर बत्तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले आहेत. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची मुलगी इंजिनियर असून हॉलंडमध्ये आइंडहोव्हन या गावी नोकरी करते. चार वर्षांपासून ती तिथल्या एका डच तरुणाबरोबर एका घरात राहते. लग्न केलेले नाही, आणि करण्याची दोघांनाही घाई नाही. अण्णा खुर्चीवर बसले तेव्हा आम्हांस वाटले, आता लोकलाजेचे बोलणे निघणार. पण ते म्हणाले, "भाऊ, लोक काय म्हणतात ते आम्ही नवराबायकोनं कधीच पचवलं. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या त्या पोराला काही झालं, किंवा दोघांचं बिनसलं, तर माझ्या मुलीच्या हातात तिथं काय राहील?"

हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. वीस वर्षांपूर्वी आमचा एक कामगार आजारपणात वारला. त्याच्याबरोबर अकरा वर्षे एक बाई संसार करीत होती. तिने त्याचा डबा केला, दुखणे काढले, शेवटी तोंडात पाणीही तिनेच घातले. लग्न मात्र झालेले नव्हते. भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर नाव होते ते धाकट्या भावाचे. नोकरीला लागताना भरलेला तो अर्ज नंतर कोणीच बदलला नाही. भाऊ आला, सही करून पैसे घेऊन गेला. कायद्याने त्यात काहीही चूक नव्हती. चूक आमची होती. त्या कामगाराला जवळची अशी दुसरी माणसे नव्हती. अर्जावर बाईचे नाव घालणे त्याच्या हातात होते आणि अर्ज आमच्या कपाटात होता. आम्ही बोनसच्या वाटाघाटीत गुंतलो होतो, ते कधी सुचले नाही. त्या बाईच्या वाट्याला त्याची सायकल आली.

म्हणून अण्णांना उत्तर देण्याआधी आम्ही हॉलंडचा कायदा समजून घेतला. आमचे शिक्षण रात्रशाळेचे आणि कामगार कायद्याच्या पुस्तकांचे. तेव्हा जे कळले ते साध्या भाषेतच येथे मांडतो.

हॉलंड म्हणजे नेदरलँड्स, सुमारे १ कोटी ८० लाख वस्तीचा देश. तेथे लग्नावाचून एकत्र राहणारी जोडपी सुमारे दहा लाख आहेत, आणि जन्मणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या आया लग्न न झालेल्या असतात. हे तेथे पूर्वापार चालत आलेले आहे असे मात्र कोणी समजू नये. साठ-सत्तर वर्षांपूर्वी असे राहणे तेथेही निंद्य होते. त्यास 'हॉकन' असा शब्द होता. 'हॉक' म्हणजे खुराडे, तेव्हा अर्थ काय तो श्रोत्यांनीच समजावा. परंतु तिथल्या लग्नसंस्थेची आतली बाजूही फारशी उजळ नव्हती. १९५७ पर्यंत लग्न झालेली डच स्त्री कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अज्ञान बालकासारखी असे. पतीच्या संमतीवाचून तिला स्वतःच्या नावे करारमदार करता येत नसत. १९७१ पर्यंत दोघांची राजीखुशी एवढ्या कारणावर घटस्फोट मिळत नसे. त्यासाठी एकाने व्यभिचाराचा आरोप करायचा, दुसऱ्याने तो नाकारायचा नाही, असे नाटक कोर्टात चाले. लोक त्याला 'मोठे खोटे' म्हणत. अशा दाराआड जाण्यापेक्षा बाहेरच राहिलेले बरे, असे पुढच्या पिढीतील पुष्कळांना वाटले तर नवल नाही.

आज त्या देशात दोघांना एकत्र संसार करावयाचा झाल्यास तीन वाटा आहेत. पहिली लग्नाची, १ एप्रिल २००१ पासून ती दोन पुरुषांना व दोन स्त्रियांनाही मोकळी आहे, आणि असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश. दुसरी नोंदणीकृत भागीदारीची. ही १९९८ साली सुरू झाली आणि हक्क-जबाबदाऱ्यांत ती जवळजवळ लग्नासारखीच आहे. फरक बराचसा मोडण्यातला : अज्ञान मुले नसतील आणि दोघांचे एकमत असेल, तर ती कोर्टाची पायरी न चढता वकील किंवा नोटरी यांच्यामार्फत मोडता येते. तिसरी वाट नुसते एकत्र राहण्याची. अण्णांची मुलगी या तिसऱ्या वाटेवर आहे, आणि आपला विषयही तोच.

या तिसऱ्या वाटेविषयी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, डच दिवाणी संहितेत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण नाही. लग्नाला आहे, नोंदणीकृत भागीदारीला आहे. नुसत्या सहवासाला नाही. किती वर्षे राहिलात याने फरक पडत नाही. 'इतकी वर्षे एका छपराखाली काढली म्हणजे आपोआप नवराबायकोचे हक्क मिळतात' अशी समजूत पुष्कळांची असते, खुद्द तिथल्या लोकांचीही असते. ती चुकीची आहे.

आता याचे परिणाम एकेक पाहू.

लग्न झाले की पतिपत्नींनी एकमेकांचा निर्वाह करण्याचे बंधन कायद्यानेच येते. घटस्फोट झाला तर कमकुवत बाजूला पोटगी मागता येते. २०२० पासून तिची मुदत सामान्यतः लग्न जितकी वर्षे टिकले त्याच्या निम्मी, फार तर पाच वर्षे, अशी आहे, आणि लहान मुले वगैरे कारणांसाठी काही अपवाद आहेत. नुसत्या सहवासात यातले काहीही नाही. पंचवीस वर्षांनी वेगळे झाले तरी एकाने दुसऱ्यास एक पैसाही पोटगी द्यावी असे कायदा म्हणत नाही.

मालमत्तेचे तसेच. २०१८ पासून होणाऱ्या लग्नांत, वेगळा करार केलेला नसल्यास, लग्नानंतर दोघांनी मिळवलेले सामायिक होते. पूर्वीचे ज्याचे त्याचे, आणि वारशाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेलेही ज्याचे त्याचे राहते. त्याआधीच्या लग्नांत तर बहुतेक सारेच सामायिक होत असे. नुसत्या सहवासात सामायिक काही होत नाही. ज्याच्या नावावर खरेदी, त्याची वस्तू. दोघांच्या नावे घर घेतले तर ते दोघांचे, पण तेही खरेदीखतामुळे, संसारामुळे नव्हे. आणि कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील, तर बँक सगळे कर्ज कोणाही एकाकडून मागू शकते, घर सोडून गेलेल्याकडूनही.

एक उदाहरण घेऊ. घर तरुणाच्या नावे आहे. हप्ते तो भरतो. मुलगी आपल्या पगारातून किराणा, वीज, मुलांचे कपडे, सुटीतला प्रवास यांचा खर्च करते. दहा वर्षांनी ती दोघे वेगळी होतात. त्याच्याकडे घर राहते. तिच्याकडे दहा वर्षांच्या पावत्या, त्याही जपून ठेवल्या असतील तर. दोघांनी सारखाच पैसा घातला, पण एकाचा विटांत गेला आणि दुसऱ्याचा पोटात. हा अन्याय कोर्टाला दिसतच नाही असे नाही. १० मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात याविषयी खुलासा केला. एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या घराचे बांधकाम झाल्याचा तो वाद होता. न्यायालय म्हणाले की, लग्नाचे नियम अशा जोडप्यास लावता येणार नाहीत. मात्र न्यायाधीशाने तीन गोष्टी पाहाव्यात : दोघांत काही करार, निदान न बोललेला तरी, झाला होता काय, एकाची दुसऱ्याच्या जिवावर विनाकारण धन झाली काय, आणि दोघांच्या संबंधात न्यायबुद्धी व औचित्य काय सांगते. म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण पुराव्याचा बोजा मागणाऱ्याच्या डोक्यावर आहे, आणि वकिलाची फीही त्याच्याच खिशातून.

मृत्यूचा प्रसंग याहून कठीण. मृत्युपत्र नसेल तर डच कायद्याप्रमाणे वारस पुढील क्रमाने येतात : प्रथम विवाहित किंवा नोंदणीकृत जोडीदार व मुले, ती नसल्यास आईबाप व भावंडे, मग आजे, मग पणजे. सोबत राहणाऱ्या माणसाचे नाव या यादीत कोठेच नाही. घर मेलेल्याच्या नावावर असेल, तर त्या घरात सहा महिने राहण्याची आणि तिथले सामान वापरण्याची मुभा कायदा देतो. मग वारसांची मर्जी. घर भाड्याचे असेल तर स्थिती थोडी बरी. लग्नाचा जोडीदार आपोआप सहभाडेकरू असतो. लग्नावाचून राहणाऱ्याने दोन वर्षे एकत्र संसार केल्यावर सहभाडेकरू म्हणून नोंद मागता येते. ती मागितली नसली तरी भाडेकरूच्या मृत्यूनंतर सहा महिने राहता येते, आणि त्या मुदतीत पुढे राहण्यासाठी कोर्टाकडे जाता येते.

मृत्युपत्र केलेले असेल, तरी कराचा फास उरतोच. तिथे वारसाकर आहे. २०२५ साली जोडीदारास सुमारे ८ लाख ४ हजार युरोंपर्यंत माफी होती. परक्या माणसास सुमारे २,७०० युरोंपर्यंतच, आणि त्यापुढील रकमेवर आधी ३० व नंतर ४० टक्के कर. लग्नावाचून राहणारा माणूस या कामी जोडीदार केव्हा ठरतो? एक तर दोघांची नोंद एकाच पत्त्यावर सलग पाच वर्षे असली पाहिजे. नाही तर नोटरीपुढे केलेला, एकमेकांची काळजी घेण्याचे बंधन असलेला सहवास-करार मृत्यूपूर्वी निदान सहा महिने झालेला पाहिजे. अण्णांच्या मुलीची चार वर्षे झाली होती, करार नव्हता. समजा, तो तरुण मृत्युपत्राने तिला एक लाख युरो ठेवून गेला असता. त्यातले सुमारे २९ हजार सरकारने नेले असते. करार असता तर एकही युरो गेला नसता.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, हा कायदा आंधळा आहे. तसेही नाही. आम्हांस आश्चर्य वाटले ते पुढे आहे. हाच कायदा, याच जोडप्याला, काही ठिकाणी अगदी डोळे फाडून पाहतो. वृद्धापकाळाचे सरकारी निवृत्तिवेतन तेथे १९५७ पासून सर्वांना आहे. एकट्या माणसास निव्वळ किमान वेतनाच्या ७० टक्के मिळतात. दोघे एकत्र संसार करीत असतील तर प्रत्येकी ५०. या हिशेबात लग्नाचा दाखला कोणी मागत नाही. एकत्र राहता एवढे पुरते. गरिबांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याचेही तेच. एका घरात राहून एकमेकांचा भार वाहत असाल तर तुम्ही विवाहितांसारखेच, आणि एकाची मिळकत दुसऱ्याच्या साहाय्यातून वजा होणार. खरोखर एकत्र राहतात की नाही हे पाहायला तपासनीस घरी येतात. 'दात घासायचे ब्रश मोजणे' हा शब्दप्रयोगच त्यावरून तिथे रूढ झाला आहे. घटस्फोटानंतर पोटगी घेणारी स्त्री दुसऱ्या पुरुषाबरोबर 'विवाहितांप्रमाणे' राहू लागली, तर तिची पोटगी कायमची बंद होते. पण त्या नव्या पुरुषाकडून तिला पुढे काही मिळेल अशी हमी तोच कायदा देत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलण्याचा अधिकार लग्नावाचूनच्या जीवनसाथीलाही आहे, आणि तो आईबापांच्या आधी. १९९६ च्या कायद्याप्रमाणे मागे राहिलेल्यांचे सरकारी वेतन, अठरा वर्षांखालील मूल असेल किंवा स्वतः काम करण्यास बरेच असमर्थ असेल तर, अशा जोडीदारासही मिळते. तथापि सगळे मिळून चित्र असे दिसते की, सरकारच्या तिजोरीचा प्रश्न आला की दोघे एक, आणि दोघांत आपसात वाटणी करावयाची झाली की दोघे परके.

मुलांची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती डच कायद्याने चांगली सोडविली आहे. औरस-अनौरस हा भेद त्याने काढून टाकला. लग्नात जन्मलेल्या मुलाचा बाप आपोआप ठरतो. लग्नावाचून जन्मलेल्या मुलाला बापाने नगरपालिकेत जाऊन आईच्या संमतीने 'हे माझे' असे मान्य करावे लागते. जन्मापूर्वीही ते करता येते. १ जानेवारी २०२३ पासून या मान्यतेबरोबरच, थोडे अपवाद सोडता, आईबरोबर त्यालाही पालकत्वाचा अधिकार मिळतो. पूर्वी त्यासाठी वेगळा अर्ज लागे. मान्य झालेले मूल इतर मुलांइतकाच वारसा घेते. आईबाप वेगळे झाले तरी त्याच्या पालनपोषणाची आणि शिक्षणाची जबाबदारी ते एकवीस वर्षांचे होईपर्यंत दोघांवर असते. बापाने मान्यता नाकारली तर कोर्ट पितृत्व ठरवू शकते. म्हणजे आईबापांनी लग्न केले नाही याची शिक्षा मुलाला नाही. ती झाली तर दोघांतल्या कमकुवताला होते.

मग उपाय काय? उपाय कागदाचा आहे. त्यास तिकडे 'सहवास-करार' म्हणतात. खर्च कोणी किती द्यावा, कोणती वस्तू कोणाची, वेगळे झाल्यास घर कोणी ठेवावे, एकाने मुलासाठी नोकरी कमी केली तर दुसऱ्याने काय भरून द्यावे, एक वारल्यास सामायिक वस्तू दुसऱ्याकडे राहाव्यात की कसे, हे सारे त्यात लिहिता येते. घरी बसून लिहिलेला करारही दोघांवर बंधनकारक असतो. पण कर आणि निवृत्तिवेतन यांच्या कामी नोटरीपुढचाच उपयोगी पडतो. तिथला नोटरी म्हणजे आपल्या कचेरीच्या आवारात टेबल मांडून शिक्का मारणारा गृहस्थ नव्हे. तो राजाज्ञेने नेमलेला कायद्याचा पदवीधर असतो, दोन्ही पक्षांना कागद समजावून सांगणे त्याचे कर्तव्य असते, आणि मूळ दस्तऐवज त्याच्या दप्तरी राहतो. खर्च काहीशे युरोंचा.

मात्र करार म्हणजे मृत्युपत्र नव्हे. बाकीच्या मालमत्तेसाठी दोघांनी मृत्युपत्रे वेगळी करावयाची. तिसरे काम कारखान्याच्या निवृत्तिवेतन निधीचे. विवाहितांची खबर सरकारी नोंदवहीतून निधीकडे आपोआप जाते. लग्नावाचून राहणाऱ्यांनी जोडीदाराचे नाव स्वतः कळवावे लागते, आणि पुष्कळ निधी त्यासाठी नोटरीपुढचा करार मागत आले आहेत. 'जोडीदार' कोणास म्हणावे याची व्याख्या सर्व निधींत एकसारखी व्हावी म्हणून २०२३ च्या कायद्याने पाऊल टाकले आहे; तरी नाव कळवलेले आहे की नाही हे ज्याने त्याने तपासून पाहावे. ही ओळ लिहिताना आम्हांस ते आमच्या कपाटातले अर्ज आठवतात.

ज्यांची मुले जोडीदाराच्या परवान्यावर तिकडे जाणार असतील त्यांच्यासाठी एक सूचना. लग्न नसले तरी टिकाऊ व एकनिष्ठ संबंध असल्यास निवासाचा परवाना मिळतो. त्यासाठी अविवाहित असल्याचा आपल्या देशातला दाखला रीतसर प्रमाणित करून न्यावा लागतो. पण संबंध तुटला की त्या परवान्याचा पायाच सुटतो. ज्याची स्वतःची नोकरी व स्वतःचा परवाना आहे, त्याला ही भीती नाही.

हॉलंडचे सरकार असे का वागते, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. त्याला उत्तर आहे, आणि ते पोकळ नाही. ते म्हणतात, लग्न आहे, नोंदणी आहे, करार आहे. यातले काहीच ज्यांना नको, त्यांच्यावर लग्नाची बंधने न विचारता लादणे हा त्यांच्या स्वातंत्र्यावर घाला होईल. हा विचार आदरास पात्र आहे. परंतु आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर गेले. 'कराराचे स्वातंत्र्य' हा शब्द आम्ही मालकांच्या तोंडून फार ऐकला आहे. कामगाराला बारा तासांचे काम पसंत नसेल तर त्याने करार करू नये, असे एके काळी म्हणत. दोघांची ताकद सारखी असते तिथेच करार मोकळेपणाने होतो. संसारातही तेच. अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण युरोपात हॉलंडमध्ये सर्वांत जास्त आहे. मूल झाले की बहुधा तीच काम कमी करते, आणि आता कागद करू या असे म्हणण्याची ताकदही त्याच वेळी तिच्यात सर्वांत कमी असते.

इतर देशांनी दुसऱ्या वाटा काढल्या आहेत. स्वीडनच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे एकत्र राहण्यासाठी म्हणून घेतलेले घर व घरसामान वेगळे होताना वाटून घेता येते. नको असेल त्यांनी तसा उलटा करार करावा. म्हणजे गप्प राहणाऱ्याला तिथे संरक्षण आहे, हॉलंडमध्ये ते बोलणाऱ्याला आहे. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या संबंधातील स्त्रीलाही घरात राहण्याचा व निर्वाहखर्च मागण्याचा आधार दिला आहे. तो छळाच्या प्रसंगी उपयोगी पडतो. वारशाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आम्ही हे सारे अण्णांना एका दुपारी समजावून सांगितले. त्यांनी वहीत तीन ओळी लिहून घेतल्या : करार, मृत्युपत्र, निधीत नाव. मग विचारले, "म्हणजे लग्न करा असं सांगू नको म्हणता?" आम्ही म्हणालो, "अण्णा, ते बापाच्या नात्यानं सांगायचं असेल तर सांगा. पण हे तीन कागद आधी सांगा. आणि भांडण नसताना, दोघं हसतखेळत असताना करायला सांगा. भांडण झाल्यावर कोणी सही करीत नाही."

दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. दोघे नोटरीकडे जाऊन आली होती. नोटरीने मुलीला विचारले होते की, घराचे हप्ते तो भरतो आणि बाकीचा खर्च तुम्ही करता, याचा हिशेब कसा धरायचा? त्यावर ती दोघे दोन संध्याकाळ बसून बोलली, आणि घरातला तिचा हिस्सा किती तो आकडा करारात घातला. लग्नाचे अण्णा अजून सुचवीत असतात. युनियनच्या कचेरीत आम्हीही एक काम केले : सगळ्या सभासदांचे नामनिर्देशनाचे अर्ज कपाटातून काढले, आणि प्रत्येकाला बोलावून विचारले, यावरचे नाव अजून बरोबर आहे काय? त्यातले एकेचाळीस बदलावे लागले.